नवा लगाम

आमच्या घरांत तीन वस्तूंना हात लावण्यापूर्वीं परवानगी विचारावी लागते. पहिली, आजीचें पितळी पंचपाळें. दुसरी, वडिलांना त्यांच्या गुरुजींनीं दिलेला संस्कृत कोश. आणि तिसरी, वडिलांची बुलेट. पंचपाळ्याला किंवा कोशाला हात लावण्याची इच्छा आम्हां भावंडांना फारशी कधीं झाली नाहीं. बुलेटची गोष्ट मात्र वेगळी होती.

वडिलांनीं, म्हणजे आमच्या अण्णांनीं, ती १९७४ सालीं घेतली. त्या वेळीं ते कोल्हापुरांतील एका शाळेंत संस्कृत शिकवीत. संस्कृतच्या मास्तरानें सायकल वापरावी, फार तर एखादी स्कूटर घ्यावी, असा तेव्हां लोकांचा समज होता. पांढरा पायजमा, पांढरा सदरा आणि डोक्यावर काळी टोपी अशा थाटांत अण्णा त्या काळ्या गाडीवरून धडधडत शाळेच्या फाटकांतून आंत शिरत, तेव्हां मुख्याध्यापक खिडकीशीं येऊन उभे राहत, असें सांगतात. ज्या मुलांचीं शब्दरूपें कच्चीं असत त्यांना मात्र त्या आवाजाचा मोठा उपयोग होई. गाडी कोपऱ्यावर आल्याचें कळल्यापासून अण्णा वर्गांत येईपर्यंत जीं चार मिनिटें मिळत, तेवढ्यांत ‘राम’ सर्व विभक्तींतून फिरून येई.

आज अण्णांना चौऱ्यांशी वर्षें झालीं आहेत, आणि गेलीं पंचवीस वर्षें ती गाडी मी चालवीत आहें. ती माझ्या हातीं आली ती तिच्या सर्व खोड्यांसह आली. आणि जुन्या वस्तूंच्या खोड्यांना माणूस जसा हळूंहळूं गुण म्हणूं लागतो, तसा मीही म्हणूं लागलों. तिचे गिअर उजव्या पायाशीं आहेत आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशीं. त्यामुळें नव्या गाड्यांना सरावलेला मनुष्य तिच्यावर बसला, कीं जेथें थांबायचें तेथें गिअर बदलतो. याचा मला अभिमान वाटे. हँडलवरचा हात सैल सोडला, कीं ती किंचित् डावीकडे ओढ घेई. ही ओढ म्हणजे तिचा स्वभाव, असें मी पाहुण्यांना कौतुकानें सांगें. आणि तिचा पुढचा ब्रेक! व्याकरणाच्या भाषेंत सांगायचें तर तो आज्ञार्थी नव्हता, विध्यर्थी होता. ‘थांब’ असें तो चाकाला कधीं म्हणत नसे; ‘थांबावें’ एवढेंच सुचवी. हा विनोद मीं इतक्या वेळां केला होता, कीं त्यांत एका यंत्राचा गंभीर दोष लपलेला आहे हें मी विसरूनच गेलों होतों.

मागच्या मार्गशीर्षांत रत्नागिरीला एका लग्नासाठीं मी आणि माझी मुलगी त्या गाडीवरून निघालों. मलकापूर मागें पडलें, आंबा आलें, आणि घाट सुरू झाला. उतारावर इंजिनाच्या जोरानें गाडी आवरावी व ब्रेक जपून वापरावा, हें मला माहीत नव्हतें असें नाहीं. पण आमच्यापुढें एक मालमोटार संथपणें उतरत होती, आणि तिच्यामागें राहण्यासाठीं मी पुढचा ब्रेक बराच वेळ दाबीत-सोडीत राहिलों. शेवटीं मालमोटारीनें वाट दिली, मीं गाडी पुढें काढली, आणि वळणापलीकडे रस्त्यावर म्हशी दिसल्या. त्यांच्यामागून आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा खांद्यावर काठी आडवी टाकून चालला होता. मीं ब्रेक दाबला. लीव्हर मुठीला येऊन टेकली. गाडी चाललीच होती.

डोंगराच्या अंगाला पावसाचें पाणी जाण्याची चर होती. तींत मीं गाडी घातली, मऊ मातींत चाक रुतलें, आणि आम्ही थांबलों. त्या मुलाच्या काठीचें टोंक माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर होतें. त्यानें वळून पाहिलें आणि तो हंसला. मीं हें गमतीनें केलें असें त्याला वाटलें असावें.

माझी मुलगी त्या वेळीं कांहींच बोलली नाहीं. लग्न झालें, आम्ही परत आलों, आणि तिसऱ्या दिवशीं जेवतांना ती म्हणाली, “बाबा, आजोबांची गाडी आहे म्हणून मी आजवर कांहीं बोललें नाहीं. पण ती आजोबांची आहे हें त्या मुलाला कुठें माहीत होतें?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतें. मला स्वतःला मात्र उत्तर देणें भाग होतें, म्हणून इतकीं वर्षें ज्याची मी थट्टा करीत आलों त्या ब्रेकची रचना मीं प्रथमच नीट समजून घेतली. ड्रमच्या पोटांत चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन पट्ट्या असतात. लीव्हर दाबली कीं त्या फांकतात आणि फिरत्या ड्रमला आंतून घासतात. आमच्या गाडीच्या जुन्या पद्धतीच्या ब्रेकमध्यें या दोहोंपैकीं एकच पट्टी चाकाच्या फिरण्यानें आपोआप अधिक दाबली जाते. दुसरीला तेंच फिरणें मागें लोटतें. म्हणजे जुंपलेले बैल दोन, आणि ओढणारा एक. शिवाय घर्षणाची उष्णता ड्रममध्यें कोंडून राहते. तापलेला ड्रम प्रसरण पावून पट्ट्यांपासून दूर सरकतो, आणि तापलेल्या पट्ट्यांची पकडही उतरते. घाटांत माझी लीव्हर मुठीला टेकली ती यामुळें. गाडी थांबतांना बराच भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबविण्याचें बहुतेक काम पुढच्याच ब्रेकचें. आणि नेमका तोच आमच्याकडे विध्यर्थी!

उपाय उघड होता. नव्या धाटणीच्या बुलेटला पुढें डिस्क ब्रेक असतो: पोलादी चकती उघड्यावर, वाऱ्यांत फिरते, आणि तिला दोन्ही बाजूंनीं चिमटींत धरणारा कॅलिपर तेलाच्या दाबानें चालतो. पण तो जुन्या फोर्कावर नुसता टांगतां येत नाहीं. चकतीला पकडतांना जो जोराचा हिसका बसतो, तो सगळा फोर्काच्या पायावर येतो. त्यासाठीं त्या पायाला कॅलिपर धरणारे भक्कम कान ओतलेले असावे लागतात, आणि आमच्या फोर्काला ते नव्हते. म्हणजे ब्रेक बदलायचा तर हब बदलायचें, हब बदलायचें तर फोर्क बदलायचा. एक खिळा बदलायला जावें आणि सबंध चौकट काढावी लागावी, असा हा प्रकार.

जुन्या गाड्यांचे कांहीं भक्त माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्या कानीं हा बेत गेला तेव्हां त्यांनीं जणूं कांहीं मी अंबाबाईच्या देवळाला सरकतें दार बसवितों आहें, अशा मुद्रेनें माझ्याकडे पाहिलें. “मूळ रूप जाईल,” असें त्यांचें म्हणणें. पण मूळ रूप म्हणजे कोणतें? बुलेट हें नांव इंग्लंडमधील रेडिच गांवच्या कारखान्यानें १९३२ सालीं आपल्या गाडीला दिलें. त्या पहिल्या बुलेटला दुर्बिणीच्या नळ्यांसारखा एकांत एक सरकणारा फोर्क नव्हताच. दोन बाजूंना दांडे आणि मध्यें एक स्प्रिंग असा, ज्याला गर्डर म्हणत तसला होता. नळ्यांचा फोर्क आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. पुढें १९५५ सालीं मद्रासला या गाड्या करणारी कंपनी निघाली. प्रथम विलायतेहून आलेले भाग जोडीत जोडीत ती हळूंहळूं सबंध गाडी येथेंच घडवूं लागली. आणि १९६७ सालीं रेडिचचा कारखाना बंद पडला तरी मद्रासची बुलेट चालतच राहिली. ज्या फोर्काला आम्ही मूळ म्हणून कवटाळून बसलों होतों, तो एका काळीं असाच नवा पाहुणा होता.

मित्रांना मीं हें ऐकविलें, पण अण्णांना विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं. वाहनाच्या रचनेंत मन मानेल तसा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें मनाई आहे, म्हणून परिवहन कार्यालयांत जाऊन मीं रीतसर विचारून घेतलें. सरकारची परवानगी मागायला मला संकोच वाटला नाहीं आणि घरांतली मागायला वाटला, यांतच माझी परिस्थिति स्पष्ट होते. “सर्व्हिसिंगला टाकतों,” एवढेंच अण्णांना सांगून मीं गाडी उद्यमनगरांत नेली.

तेथें माझ्या माहितीचे एक मिस्त्री आहेत. बोलणें थोडें आणि हात मऊ. त्यांनीं गाडी ठोकळ्यावर चढविली, पुढचें चाक काढलें, फोर्कांतलें तेल खालीं सोडलें. तें काजळासारखें काळें होतें. खालची टी सैल केल्यावर दिव्याच्या ओतीव मुखवट्यांत आट्यांनीं बसलेले दोन्ही पाइप त्यांनीं फिरवून सोडविले. हँडल ज्या गोळ्यांवर फिरतें त्यांच्या वाटींत मधोमध बारीक खड्ड्यांची रांग पडली होती; तींही बदलावीं लागणार होतीं. इतपर्यंत सगळें अपेक्षेप्रमाणें चाललें होतें. मग त्यांनीं पाइप पुसून कांचेच्या जाड तुकड्यावर ठेवले आणि बोटानें हळूच लोटले. उजवा पाइप गुळगुळीत गेला. डावा थोडा गेला, अडखळला, पुन्हां गेला.

“साहेब,” ते म्हणाले, “ही गाडी एकदा समोरनं धडकल्याली हाय बघा.”

“छे! शक्यच नाहीं,” मी म्हणालों. “वडिलांची आहे. कधीं ओरखडासुद्धां उठलेला नाहीं.”

“वाकलेला पाइप दाबून सरळ केलाय कुणीतरी. चांगला केलाय, पर पोलाद इसरत न्हाई.” आणि माझ्याकडे न पाहतां त्यांनीं विचारलें, “गाडी डाव्या अंगाला वडत हुती का न्हाई?”

मी गप्प बसलों. पंचवीस वर्षें जो मी तिचा स्वभाव समजत होतों, तें एक जुनें दुखणें होतें.

त्या संध्याकाळीं अण्णा ओसरीवर बसले होते. मीं सगळें सांगितलें: घाट, म्हशी, तो मुलगा, नवा फोर्क, आणि शेवटीं वाकलेला पाइप. परवानगी न विचारल्याबद्दल ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती. पण पहिल्या तीन गोष्टी त्यांनीं ऐकल्याच नाहींत असें वाटलें. बऱ्याच वेळानें ते म्हणाले, “एक्याऐंशीचा श्रावण. तूं तेव्हां सहा वर्षांचा होतास.”

माझ्या आईचें डावें मनगट जरा वांकडें होतें. कणीक मळतांना ती त्या हातानें परात नुसती धरून ठेवी. जोर सगळा उजव्या हाताचा. हौदाजवळच्या शेवाळावर पाय घसरून ती पडली होती, असें आम्हांला लहानपणापासून सांगण्यांत आलें होतें. त्या हौदाजवळ आम्हीं मुलांनीं खेळूं नये अशी सक्त ताकीदही होती. तें सगळें खोटें होतें. श्रावणांतल्या एका सोमवारीं देवदर्शन करून दोघें गाडीवरून परत येत होतीं. पाऊस लागला होता. पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडे गवतानें भरलेली बैलगाडी एकाएकी थांबली. भिजलेल्या ड्रमनें पकड घेतली नाहीं. गाडी फार जोरांत नव्हती, म्हणून एक पाइप वाकला आणि एक मनगट मोडलें, एवढ्यावरच भागलें.

“मग आम्हांला सांगितलें कां नाहीं?” मीं विचारलें.

“तुझी आई नको म्हणाली. तिच्या वडिलांना कळलें असतें तर त्यांनीं मला गाडी विकायला लावली असती.” अण्णा जरा थांबले. “आणि तिला गाडी विकायची नव्हती. मागें बसायला तिला फार आवडे.”

मला एकदम एक जुनी गोष्ट आठवली. पावसाळ्यांत अण्णा आईला कधीं गाडीवर नेत नसत. ते रिक्षा बोलावीत, आणि आपण एकटे गाडीवर तिच्यामागून येत. गाडीचें स्प्रिंग दबूं नये म्हणून ते ही काटकसर करतात असें आम्ही समजत होतों, आणि पाठीमागें हंसतही होतों.

“मीं पट्ट्या बदलल्या,” ते म्हणाले, “ड्रम घासून घेतला, पाइप सरळ करून घेतला. त्याहून अधिक कांहीं तेव्हां मिळत नव्हतें. मिळालें असतें तर दुसऱ्याच दिवशीं बसविलें असतें.”

आम्ही दोघेही कांहीं वेळ बोललों नाहीं. मग अण्णांमधला शिक्षक जागा झाला. ते म्हणाले, “पाणिनीच्या व्याकरणांत एकाच्या जागीं दुसरें येतें, तेव्हां जो जातो त्याला स्थानी म्हणतात आणि जो येतो त्याला आदेश. आदेशाला स्थानीचे सगळे अधिकार मिळतात. एकच अपवाद: जें कार्य स्थानीच्या प्रत्यक्ष वर्णांवरच अवलंबून असेल, तें आदेशाला मिळत नाहीं. तुझा नवा फोर्क वळवील, हादरे सोशील, आणि थांबवील म्हणतोस. त्याचे अधिकार त्याला देऊन टाक. फक्त जुना मोडींत घालूं नकोस. तुझी आई त्याच्यामागें बसली होती. तेवढें नव्याला मिळायचें नाहीं.”

दुसऱ्या दिवशीं मुलीला बरोबर घेऊन मी उद्यमनगरांत गेलों. मिस्त्रींनीं जुना आणि नवा फोर्क शेजारीं शेजारीं उभे करून प्रथम उंची ताडून पाहिली. ती जुळणें अगत्याचें. कारण फोर्क आंखूड असला तर गाडीचें नाक खालीं येऊन ती वळायला उतावळी होते, आणि लांब असला तर आळशी. नव्या वाट्या, नव्या गोळ्या, ग्रीस. मग टी, मग पाइप. दिव्याचा मुखवटा आणि त्यावरचे डोळ्यांसारखे दोन लहान दिवे जुनेच राहिले. दोन्ही पायांत तेल मापानें सारखें भरलें. चाक बसविल्यावर तें मागच्या चाकाच्या रेषेंत नाहीं असें दिसलें, म्हणून मागच्या चाकापासून पुढें दोरी ताणून पाहिली आणि फरकाएवढी कडी लेथवर कातून आणली. या एवढ्याशा कडीला अर्धा दिवस लागला. एकाच्या जागीं दुसरें बसविणें म्हणजे जुनें काढून नवें ठोकणें नव्हे. दोहोंमधलें अंतर मोजून तेवढ्याच जाडीची कडी घडविणें, हें खरें काम.

शेवटीं राहिलें ब्रेकचें तेल. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंना सारखा पोंचतो, हें सतराव्या शतकांत पास्कल या फ्रेंच पंडितानें दाखवून दिलें. लीव्हरपाशीं लहान दट्ट्या आणि कॅलिपरमध्यें मोठे दट्टे ठेवले, कीं बोटांचा थोडा जोर चाकापाशीं कितीतरी पट होतो. पण मध्यें हवा राहिली तर सगळें व्यर्थ, कारण हवा दबते आणि तेल दबत नाहीं. मिस्त्रींनीं माझ्या मुलीला लीव्हर दाबायला बसविलें. ती दाबून धरी, ते खालचा नट सैल करीत, नळींतून तेलाबरोबर बुडबुडे येत, नट पुन्हां आवळला जाई. वीस-पंचवीस वेळां हें झालें. प्रथम स्पंजासारखी वाटणारी लीव्हर हळूंहळूं घट्ट होत गेली. “आतां लागली!” ती म्हणाली. हें तेल हवेंतला ओलावा शोषून घेतें, तेव्हां दोन वर्षांनीं तें बदला, असें मिस्त्रींनीं मला न सांगतां तिलाच सांगितलें.

गाडी नवी झाली तरी माझा हात जुनाच होता. जुना ब्रेक चारी बोटांनीं, सगळा जोर लावून दाबण्याची त्याला संवय. पहिल्याच चौकांत मीं तसा दाबला, आणि पुढचें चाक किंचाळून क्षणभर घसरलें. आजकालच्या मोठ्या मोटारसायकलींना चाक अडकूं न देणारी यंत्रणा असते. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरांहून अधिक क्षमतेच्या नव्या गाड्यांना ती सक्तीची आहे. माझ्या गाडीला ती नाहीं. तिच्या ऐवजीं माझ्या बोटांनीं शहाणें व्हायचें. दोन बोटें, हळूहळू वाढत जाणारा दाब. महिनाभर मी हे धडे गिरवीत होतों. हँडलवरचा हात सैल सोडून पाहिला, तर गाडी सरळ जाते. खरें सांगतों, कांहीं दिवस मला ती डावी ओढ आठवून चुकल्या-चुकल्यासारखें होई.

जुना फोर्क अण्णांच्या एका जुन्या उपरण्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. डाव्या पाइपाला मीं खूण केलेली नाहीं; लागलीच तर कांचेवर लोटून ओळखतां येईल.

गाडी घरीं आणली त्या दिवशीं अण्णा काठी टेकीत ओसरीच्या पायरीपर्यंत आले. चकतीकडे, तेलाच्या नळीकडे त्यांनीं दुरूनच पाहिलें आणि मला गाडी जवळ घ्यायला सांगितलें. त्यांच्या बोटांत आतां जोर राहिलेला नाहीं. पाण्याचें भांडें धरायला दोन्ही हात लागतात. मीं त्यांचा हात लीव्हरवर ठेवला आणि त्यांनीं ती दाबली. मीं गाडी पुढें ढकलून पाहिली. ती जागची हालली नाहीं.

“एवढ्यानें थांबते?” त्यांनीं विचारलें.

“एवढ्यानेंच,” मी म्हणालों.

त्यांनीं मान हालविली, आणि लीव्हर दाबून धरून ते बराच वेळ तसेच उभे राहिले.